हॉल बुक आहे

नाशकातल्या एका विद्यापीठाचा भलाथोरला इनडोअर हॉल आहे. नाव सांगत नाही, सकाळचा स्लॉट मला अजून हवाय. फी भरली की बाहेरच्यांनाही सकाळी बॅडमिंटन खेळता येतं, असं पावतीवर छापलंय. दारावर मात्र बहुतेक वेळा खडूने लिहिलेलं असतं : ‘हॉल बुक आहे.’

परीक्षा असेल तर तक्रार नाही, विद्यापीठच त्यांचं. २०२० मध्ये देशभर अशा हॉलांत खाटा लागल्या, तेव्हाही कुणी शटल मागितलं नव्हतं. पण बाकीचं काय सांगावं! रोजगार मेळावा, रक्तदान, द्राक्ष बागायतदारांचं चर्चासत्र. भाद्रपदाच्या आधी पाऊस आला की ढोलपथकाची तालीमसुद्धा आत. नाशिक ढोल मोकळ्या रस्त्यावर ऐकावा. पत्र्याच्या छताखाली तो ऐकला की दुपारपर्यंत बायकोचं बोलणं ऐकू येत नाही. (हा फायदा पथकाला कळवलेला नाही.)

आम्हाला आत सोडताना मामा बुटांचे तळवे उलटे करून बघतात. लाकडी फ्लोअर आहे, नॉन-मार्किंगच हवेत, म्हणजे डाग न उमटवणारे. चर्चासत्राला मात्र सगळा तालुका चपलांसकट आत.

“मामा, त्यांचे तळवे नाही बघितले?”

“साहेब, ते पाहुणे आहेत.”

एखाद्या दिवशी हॉल मोकळा मिळाला, तरी अर्धा योगवाल्या काकूंचा. त्यांना पंखे लागतात, आम्हाला बंद लागतात. शटलचं वजन जेमतेम पाच ग्रॅम. पंख्याचा वारा लागला की ते कुठे जाईल ते त्यालाच ठाऊक. परवा मी मारलेला सुंदर ड्रॉप नेटवरून वळला आणि शवासनातल्या एका काकूंच्या कपाळावर उतरला. काकू ताडकन उठल्या. योगशिक्षिकेने मला असं पाहिलं की तिच्या स्वतःच्या मनःशांतीची मला काळजी वाटली.

आणि त्या रेघा! एकाच फ्लोअरवर बास्केटबॉलचं २८ बाय १५ मीटर, त्यात व्हॉलीबॉलचं १८ बाय ९, त्यात कबड्डी आणि कुठेतरी आमचं १३.४० बाय ६.१०. चार खेळ, चार रंग. शटल पडलं की चौघेही गुडघ्यांवर हात टेकून खाली बघत बसतो. आमच्यातले एक निवृत्त बँक मॅनेजर यात तरबेज. कबड्डीचं मैदान १३ मीटर लांब, म्हणजे तिची शेवटची रेघ आमच्या रेघेच्या २० सेंटीमीटर आत. शटल त्यांच्या बाजूला पडलं की ते कबड्डीची रेघ धरून ‘बाहेर’ म्हणतात. आमच्याकडे पडलं की थेट बास्केटबॉलची, आणि मग काहीही आतच. उभ्या नोकरीत त्यांनी कर्जं कशी मंजूर केली असतील, ते आता कळतं.

काल संध्याकाळी मामांना फोन केला.

“या की सकाळी. हॉल मोकळाच आहे.”

“नक्की?”

“नक्की. फक्त नेट नाही. स्नेहसंमेलनवाल्यांनी नेलीय, स्टेजमागं झेंडूच्या माळा अडकवायला.”

“मग आम्ही खेळायचं काय?”

“कबड्डी खेळा की साहेब. रेघा हायेत ना!”