लिफ्ट खाली उतरते म्हणजे पंप गेला, असे नव्हे
मिनी ट्रॅक्टरची मागची, अवजार उचलणारी लिफ्ट रोटाव्हेटर (माती भुसभुशीत करणारे अवजार) धरून ठेवत नसेल तर तिला दाबाने तेल पुरवणारा हायड्रॉलिक पंप बदलावा, असा संदेश मोबाइलवर फिरत आहे. तो चुकीचा आहे. इंजिन बंद केल्यावर उचललेले अवजार हळूहळू खाली येत असेल, तर त्यात पंपाचा दोष नसतो, कारण पंप इंजिनबरोबरच थांबलेला असतो. तेल बहुधा पिस्टनच्या झिजलेल्या सीलमधून किंवा कंट्रोल व्हॉल्व्हमधून निसटत असते. लिफ्ट मुळातच संथ उचलत असेल, तरीही आधी अवजार जमिनीवर टेकवून डिपस्टिकवर (तेल मोजण्याच्या पट्टीवर) तेलाची पातळी पाहावी आणि सक्शनची, म्हणजे पंप तेल ओढतो त्या बाजूची, जाळी तपासावी. जाळी तुंबली की पंप कण्हू लागतो, आणि तेवढ्यावरून चांगला पंप भंगारात जातो. तेल ताकासारखे पांढरट दिसले, तर त्यात पाणी शिरले आहे. चिखलणीनंतर हे आवर्जून पाहावे.