दहापैकी चार

परवाच्या गुरुवारी, शेवटच्या तासाला, माझ्या चित्राला दहापैकी चार गुण मिळाले. गुण देणारे परीक्षक नव्हते, कलाशिक्षक नव्हते, शाळेचे कर्मचारीही नव्हते. ते पाचवीतल्या एका मुलाचे आजोबा होते आणि आषाढाचा पाऊस ओसरेपर्यंत त्यांना वर्गातल्या मागच्या बाकावर मीच बसवले होते. गुणांच्या खाली त्यांनी तारखेसह सही केली होती. गोव्यातल्या फोंडा तालुक्यात एकवीस वर्षे मराठी शिकवताना मी हजारो वह्या तपासल्या असतील. माझी कोणी तपासेल याची तयारी नव्हती.

तास होता भाववाचक नामाचा. 'ज्या नामामुळे गुण, धर्म किंवा भाव यांचा बोध होतो ते भाववाचक नाम' ही व्याख्या मुले घडाघडा म्हणतात; पण शांतता म्हणजे काय असे विचारले, तर एक मुलगा 'शांताचे अनेकवचन' असे आत्मविश्वासाने सांगतो. ज्याला हात लावता येत नाही त्याची व्याख्या आधी सांगितली की मूल व्याख्येलाच हात लावून बसते. आधी कृती, मग प्रतिमा आणि मग चिन्ह अशी शिकण्याची वाट जेरोम ब्रूनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात मांडली. आमचे पाठ्यपुस्तक मात्र चिन्हापासून निघते आणि तिथेच पोचते. म्हणून मी हा धडा चित्रांतून घेते आणि त्यासाठी पस्तीस मिनिटांचा तास रेशनच्या रॉकेलसारखा मापून वापरते.

पहिली तीन मिनिटे नुसत्या रेषा काढायच्या: एक रागावलेली, एक दमलेली, एक लाजरी. यात चूक कोणाचीच होत नाही आणि 'बाई, मला चित्र येत नाही' म्हणणारे बोलायच्या आत कामाला लागलेले असतात. मग प्रत्येकाला चतकोर कागद, एकच भाव आणि चार मिनिटे. अक्षर लिहायचे नाही, चेहरा काढायचा नाही, खोडरबर दप्तरातच ठेवायचा. चेहऱ्याची मुभा दिली, तर दुःख म्हणजे उलटे तोंड आणि आनंद म्हणजे सुलटे तोंड एवढ्यावर विषय आटोपतो; खोडरबर दिला, तर चार मिनिटांतली तीन खोडण्यात जातात आणि उरलेले एक तो शेजाऱ्याकडून परत मिळवण्यात. त्यानंतर कागदांची अदलाबदल करून एकमेकांचे चित्र न बोलता ओळखायचे आणि मग तोच भाव पुन्हा काढायचा. खरा विचार या दुसऱ्या चित्रात होतो, कारण पहिल्या चित्रात मुले मनातली तयार चित्रे रिकामी करून घेतात. 'भाववाचक नाम' हे शब्द फळ्यावर अगदी शेवटी येतात.

कागद चतकोरच का, हे ज्याने कधी पूर्ण कागद देऊन पाहिला आहे त्याला सांगावे लागणार नाही. पूर्ण कागदावर देखावा उगवतो: दोन त्रिकोणी डोंगर, मधून डोकावणारा सूर्य, खाली नदी, काठावर झाड. मूल कोणतेही असो, भाव कोणताही असो, देखावा तोच. आमच्या भागातल्या टेकड्या पालथ्या वाटीसारख्या गोल असताना हे त्रिकोण मुलांच्या हातात कुठून येतात, हे कोडे मला अजून सुटलेले नाही. एका वर्षी 'दुःख' काढायला सांगितले, तेव्हा सदतीस मुलांनी त्याच देखाव्यावर पाऊस पाडला होता.

मुले काढत असताना मी बाकांमधून फिरत नाही, कारण बाई जवळ आल्या की पेन्सिली थांबतात. मी टेबलाशी मान खाली घालून तोच भाव माझ्या चतकोर कागदावर काढते. गुरुवारी घात झाला तो या पद्धतीमुळे. 'उशीर' आणि 'कंटाळा' असे दोन भाव मी दोन गटांना वाटून दिले, मान खाली घातली आणि वर पाहिले तेव्हा माझे तांबडे पेन हातात घेऊन आजोबा तिसऱ्या रांगेपर्यंत पोचले होते.

दिवाडी बेटावर आजोळ असलेल्या एका मुलीने 'उशीर' म्हणून फक्त दोन आडव्या रेषा काढल्या होत्या. एक धक्क्याची, दुसरी सुटलेल्या फेरीबोटीच्या फळीची. मधे वीतभर कोरा कागद. मी इतक्या वर्षांत पाहिलेला तो सर्वांत चांगला उशीर होता. आजोबांनी तो कागद हातभर लांब धरला, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारले, "झाड खंय आसा?"

"आजोबा, इथे गुण द्यायचे नसतात," मी जागेवरूनच म्हटले.

"मग मुलांना कळणार कसे?"

"काय कळणार?"

"किती मिळाले ते."

ते बँकेत रोखपाल होते आणि मुंबईत शिकत असताना चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत त्यांना 'अ' श्रेणी मिळाली होती, या दोन्ही गोष्टी त्यांनी वर्गाला ऐकवल्या. मी शेवटचे शस्त्र काढले. गोमंतकीय आईवडिलांच्या पोटी १९२४ साली नागपुरात जन्मलेले वासुदेव गायतोंडे झाड, माणूस, डोंगर यांतले काहीही न दाखवता चित्रे काढत आणि त्यांतले एक २०१३ साली मुंबईच्या लिलावात तेवीस कोटींहून अधिक रुपयांना गेले, असे मी सांगितले. आजोबा गंभीर झाले. थोडा विचार करून त्यांनी विचारले, "चेक वटला?"

मग ते माझ्या टेबलाशी आले. माझा 'कंटाळा' म्हणजे कागदभर गेलेली एक सरळ रेषा होती, जी अगदी टोकाला किंचित वाकत होती. ते वाकणे मला फार जमून आल्यासारखे वाटत होते. त्यांनी लिहिले: 'रेषा सरळ नाही. झाड नाही. ४/१०.' वर्ग हसला, मीही हसले, आणि ते हसू मला घरी जाईपर्यंत टोचत राहिले. आजोबा या सामान्यनामापासून 'आजोबागिरी' हे भाववाचक नाम तयार होते, हे फळ्यावर लिहिण्याचा मोह मी महत्प्रयासाने आवरला.

पण रागाचे खरे कारण चार गुण नव्हते. दुसऱ्या चित्राची वेळ आली तेव्हा एकतीस मुलांपैकी सत्तावीस जणांनी झाड काढले. कंटाळा झाडाखाली बसला, उशीर झाडाला टेकला. फेरीबोटीच्या मुलीने तर धक्का आणि फळी यांच्यामधल्या पाण्यात एक माड लावला आणि कागद आजोबांकडे नेला. तिला आठ मिळाले. एका तांबड्या पेनाने हे चार मिनिटांत होते आणि ते उलटवायला मला पुढचा तास लागतो, जो वेळापत्रकात नाही. चित्रांना वेळ देण्याइतका भाग उरकला आहे का, असे मला विचारले जाते. भाग उरकला आणि कळला का, असे मात्र कोणी विचारत नाही. घंटा झाली तेव्हा फळा कोराच होता. व्याख्या मी दप्तरे भरण्याच्या गलबल्यात ओरडून सांगितली.

शुक्रवारी त्यांच्या नातवाने एक पाकीट आणून दिले. आत बँकेच्या जुन्या पैसे भरण्याच्या चिठ्ठीची कोरी पाठ होती, मापाने जवळजवळ चतकोर. तिच्यावर पेन्सिलीने काढलेला एक बाक, त्याला टेकवलेली मिटलेली छत्री आणि छत्रीच्या टोकापासून दारापर्यंत गेलेला पाण्याचा ओघळ, जो दाराशी पोचेपर्यंत वाळत आला होता. चेहरा नव्हता, अक्षर नव्हते, खोडल्याची खूण कुठेही नव्हती. कोपऱ्यात गुणांसाठी छोटी चौकट तेवढी आखून ठेवली होती.

मी ती चिठ्ठी बराच वेळ पाहिली. मग तांबडे पेन घेतले आणि चौकटीत ४/१० असे लिहून खाली शेरा दिला: 'झाड नाही.'