स्टॅटिस्टिकल प्रोग्रामरचे काम संपत आले आहे का?

‘औषधचाचण्यांची माहिती आता ठरलेल्या साच्यात येते, कोड एआय लिहून देते आणि एसएएस (SAS) या सांख्यिकी सॉफ्टवेअरची जागा आर (R) हे दुसरे सॉफ्टवेअर घेत आहे, म्हणून स्टॅटिस्टिकल प्रोग्रामरची गरज संपत आली आहे,’ असे हल्ली ठामपणे सांगितले जाते. स्टॅटिस्टिकल प्रोग्रामर म्हणजे चाचणीच्या माहितीतून निकालांचे तक्ते काढणारा कोड लिहिणारी व्यक्ती. यातली निरीक्षणे बऱ्याच अंशी खरी आहेत, पण हा निष्कर्ष त्यांतून निघत नाही.

पहिला मुद्दा साच्याचा. १७ डिसेंबर २०१६ नंतर सुरू झालेल्या चाचण्यांची माहिती नव्या औषधाच्या अर्जासोबत अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेला प्रमाणित स्वरूपातच द्यावी लागते. मात्र कोणती नोंद कुठे ठेवायची एवढेच साचा सांगतो, तिचा अर्थ लावत नाही. समजा, रुग्णाला पहिला डोस १४ मार्चला दिला आणि डोकेदुखी ‘मार्चमध्ये’ सुरू झाल्याची नोंद आहे, दिवस लिहिलेला नाही. १ तारीख धरली तर हा त्रास औषधाआधीचा ठरून उपचारकाळातील त्रासांच्या तक्त्यातून गळतो. १४ धरली तर मोजला जातो. विश्लेषणाच्या आराखड्यात १४ धरण्याचा नियम असला, तरी त्याच नोंदीत डोकेदुखी १० मार्चला थांबल्याचे लिहिले असेल, तर नियम आंधळेपणाने लावणारा कोड थांबल्यानंतर सुरू होणारा आजार तयार करतो. ही विसंगती हेरून सांख्यिकीतज्ज्ञाला विचारणे हेच प्रोग्रामरचे खरे काम आहे.

एआयच्या बाबतीत मला अधिक काळजी वाटते ती पडताळणीची. महत्त्वाचे निकाल दोन प्रोग्रामर स्वतंत्रपणे काढतात आणि मग जुळवून पाहतात. दोन्ही कोड एकाच मॉडेलने लिहिले आणि त्याने आराखड्यातले वाक्य चुकीचे वाचले, तर दोन्ही निकाल तंतोतंत जुळतील आणि दोन्ही चुकीचे असतील.

राहिला प्रश्न सॉफ्टवेअरचा. विशिष्ट सॉफ्टवेअर वापरण्याची सक्ती नाही, हे एफडीएने २०१५ मध्येच स्पष्ट केले आहे. पण २.५ या संख्येचे पूर्णांकन एसएएस ३ करते आणि आर २. तक्त्यात पडलेला असा फरक कशामुळे आला हे सांगणारे माणूस लागतेच.

ठरीव तक्ते काढण्याचे काम कमी होईल, हे मात्र मान्य केले पाहिजे, आणि त्याची झळ नवख्यांना आधी बसेल, कारण हे काम ते त्याच तक्त्यांवर शिकत आले आहेत. म्हणून कंपन्यांनी नव्या प्रोग्रामरला विश्लेषणाच्या आराखड्यावरील चर्चेत पहिल्यापासून बसवले पाहिजे.