राजभाषेचा वाद आणि रुग्णाची भाषा

गोव्यात सरकारी नोकरीसाठी कोकणीची अट कितपत कडक असावी आणि त्यात मराठीचे स्थान काय, यावरून पुन्हा वाद पेटला आहे. १९८७च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतील कोकणीला राजभाषेचा दर्जा दिला आणि मराठीच्या वाट्याला शासकीय कामकाजात वापराची मुभा आली. तेव्हापासूनची ही जखम कधी भरलीच नाही. परिचारिकांच्या भरतीचा विषय निघाला की ती हमखास वाहू लागते. मी सत्तरी तालुक्यातली, घरात मराठी वाचत आणि अंगणात कोकणी बोलत वाढलेली. मराठीला गोव्यात राजभाषेचा मान मिळावा, असे मला मनापासून वाटते. परंतु टेक्सासमधल्या एका रुग्णालयात परिचारिका म्हणून काम करताना आणि तिथल्या नवशिक्यांच्या स्पॅनिश वर्गात बसताना मला वारंवार वाटत राहते, की आपल्या या वादात खाटेवरचा रुग्ण कुठेच नाही.

अमेरिकेत घरी स्पॅनिश बोलणारे लोक ४ कोटींहून अधिक आहेत आणि मेक्सिकोला लागून असलेल्या टेक्सासमध्ये तर ही भाषा रोजच कानावर पडते. आमचा वर्ग केवळ आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी आहे. तिथे व्याकरणाचे तक्ते पाठ करून घेत नाहीत. ‘दोंदे ले दुएले?’ म्हणजे ‘कुठे दुखते?’ इथूनच सुरुवात होते. क्रियापदाचे आदरार्थी रूप आधी शिकवतात, कारण आजारी माणसाला परक्याने एकेरीत हाक मारणे तिकडेही खटकते. उच्चार आपल्या जिभेला जड जात नाहीत. खरी अडचण प्रश्न विचारण्यात नसते, उत्तर समजण्यात असते. प्रश्न शुद्ध स्पॅनिशमध्ये आला की रुग्णाला हायसे वाटते आणि तो भडाभडा बोलू लागतो. त्यातले चार शब्द कळतात, चाळीस निसटतात. म्हणून आमच्या बाई असेच प्रश्न घोटून घेतात, ज्यांचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ यात, बोटाने दाखवण्यात किंवा एखाद्या आकड्यात बसेल: वेदना शून्य ते दहापैकी किती, कालपासून की आजपासून, हे औषध पूर्वी कधी बाधले होते का.

वर्गाचा उरलेला अर्धा भाग कुठे थांबायचे हे शिकवण्यात जातो, आणि मला तोच अधिक मोलाचा वाटतो. रोगाचे निदान सांगणे, शस्त्रक्रियेची संमती घेणे, नव्या औषधाची मात्रा समजावणे, यांतले काहीही नवशिक्या स्पॅनिशवर करायचे नाही. त्यासाठी चाकांच्या स्टँडवरचा टॅबलेट खाटेजवळ आणायचा आणि पडद्यावरच्या प्रशिक्षित दुभाष्याला मध्ये घ्यायचे. बोलताना मात्र आपली नजर रुग्णाकडे ठेवायची, एका वेळी एकच वाक्य बोलायचे आणि शेवटी रुग्णाला काय समजले ते त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचे.

यामागे कायद्याचे बळ आहे. १९६४च्या नागरी हक्क कायद्याने राष्ट्रीय मूळ, आणि पर्यायाने भाषा, पाहून भेदभाव करण्यास मनाई केली आणि २०१०च्या आरोग्य सुधारणा कायद्यातील कलम १५५७ने ती मनाई आरोग्यसेवेत आणखी भक्कम केली. सरकारी निधी घेणाऱ्या रुग्णालयाला दुभाष्याची सोय विनामूल्य करावी लागते, आणि जिवावरच्या तातडीखेरीज अल्पवयीन मुलाला दुभाषी म्हणून वापरता येत नाही. १ मार्च २०२५ रोजी राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने इंग्रजी अमेरिकेची अधिकृत भाषा ठरली आणि इंग्रजी न जाणणाऱ्यांना सेवा मिळण्यासंबंधीचा २०००चा आदेशही रद्द झाला. ती घटना मला अजिबात आवडली नाही. तरीही कलम १५५७ कायम आहे. राज्यकारभाराची भाषा कोणती आणि रुग्णाशी कोणत्या भाषेत बोलायचे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, याचा इतका स्पष्ट पुरावा मला दुसरा दिसत नाही.

गोव्यात आपण हे दोन्ही प्रश्न एकाच अर्जाच्या रकान्यात कोंबतो. कोकणीचा आग्रह धरणाऱ्यांचे म्हणणे मला पूर्ण पटते: काणकोणच्या एखाद्या आजीला आपले दुखणे आपल्या बोलीत सांगता आलेच पाहिजे. मात्र भरतीच्या वेळी दिलेला कोकणीचा दाखला फाइलमध्ये लागतो; त्या आजीची छाती कशी भरून येते हे परिचारिकेला समजेलच, याची हमी तो देत नाही. गोव्यातल्या एका दवाखान्यात मी पाहिलेली गोष्ट तर या वादाच्या कक्षेतही येत नाही. बांधकामावर काम करणारी एक कन्नडभाषक बाई तपासणीला आली होती आणि दुभाषी होती तिची शाळकरी मुलगी. आईचा रक्तस्राव किती दिवस चालू आहे, हे त्या मुलीने विचारायचे होते. मुलगी जमिनीकडे बघत राहिली, आई पदर चाळवत राहिली, आणि केसपेपरवर जे लिहिले गेले ते अर्धवटच होते. कोकणी सक्तीची असती तरी, मराठी राजभाषा असती तरी, त्या मायलेकींच्या पदरात काही पडले नसते.

बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, दोडामार्ग-सावंतवाडीहून येणारे आहेत, कारवारहून येणारे आहेत, शिवाय पोटापाण्यासाठी गोव्यात आलेले कितीतरी परप्रांतीय आहेत. म्हणून माझे मत असे, की नेमणूक कौशल्यावर करावी, कामाच्या वेळेतच, पगारी तासांत कोकणी शिकवावी आणि तिची परीक्षा लेखी न घेता खाटेपाशी तोंडी घ्यावी. कन्नड आणि हिंदीचेही असेच पायापुरते धडे तयार करता येतील. आपल्याकडे तीन-चार भाषा सहज बोलणाऱ्या परिचारिका मुबलक आहेत. कोणाला काय येते याची नोंद वॉर्डात लावली आणि संमती घेण्याइतके ज्यांचे भाषाज्ञान पक्के आहे त्यांना तपासून तसा भत्ता दिला, तर निम्मे काम होईल.

सुरुवात म्हणून केसपेपरवर नाव आणि वयानंतर रुग्णाच्या भाषेचा एक रकाना छापावा. टेक्सासमधल्या आमच्या रुग्णालयात तो असतो आणि दाखल करून घेतानाच भरला जातो. आपले मराठीप्रेमी आणि कोकणीप्रेमी, दोघांनीही आरोग्यमंत्र्यांकडे ही मागणी एकत्र घेऊन जावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.