सुनेला दवाखान्यापासून दूर ठेवण्याचे शास्त्र

सुनेला दिवस गेल्याचे कळताच आपण ती बातमी सर्वप्रथम दाबून ठेवावी. पहिली तपासणी १२ आठवड्यांच्या आत व्हावी, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे. म्हणजे दृष्ट लागण्याची सबब तीन महिने पुरली, तरी बरेचसे काम फत्ते होते. याच संघटनेने २०१६ मध्ये गरोदरपणात निदान आठ तपासण्या सुचवल्या. आठ! सासूबाईंना तर एकही लागली नव्हती, हे अशा वेळी ठणकावून सांगावे. ज्यांना ती लागली असती, त्या प्रतिवाद करायला हयात नसतात, हा या युक्तिवादाचा मोठाच फायदा आहे.

तपासणीला थेट नकार देणे शहाणपणाचे नाही. सुनेने सासूला विचारावे, सासूने ते सासऱ्यांच्या कानावर घालावे, सासऱ्यांनी मुलाशी बोलावे आणि मुलाने "आईला विचारून सांगतो" म्हणावे. बाईने सोबतीशिवाय उंबरा ओलांडू नये हा नियम आणि सोबतीला कोणीच मोकळे नाही ही वस्तुस्थिती, एवढे दोन्ही नीट सांभाळले, की कोणालाच वाईटपणा घ्यावा लागत नाही.

आठव्या महिन्यात तिचा चेहरा सुजला, बोटातली अंगठी निघेनाशी झाली, डोके ठणकू लागले आणि डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले, तर अंगावर तेज आल्याचे कौतुक करावे. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजला आणि तो १४०/९० निघाला, तर मग तो माहीत नव्हता असे म्हणता येत नाही. म्हणून पट्टाच बांधू नये. पुढे झटके आलेच, तर त्यावर मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन असते खरे, पण बाहेरच्या बाधेचे निदान बसल्या जागी होते.

खरी कसोटी बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबेनासा होतो तेव्हा लागते. त्याने धडधाकट बाईही दोन तासांत दगावू शकते, तरी घरातली बैठक घाईने उरकू नये. डॉक्टर पुरुष असला तर काय, गाडी कोणाची मागायची, लोक काय म्हणतील, हे विषय नऊ महिने हाताशी असताना काढायचे नसतात. त्यांची वेळ हीच. थॅडियस आणि मेन या अभ्यासकांनी १९९४ मध्ये मातामृत्यूंमागचे तीन विलंब सांगितले: निर्णय घेण्यातला, पोहोचण्यातला आणि उपचार मिळण्यातला. पहिला सर्वस्वी आपल्या हातचा आहे. दुसऱ्याची काळजी रस्ते वाहतात. तिसऱ्यासाठी, कळा देणाऱ्या बाईवर खेकसणारे आणि पडदा न ओढता तपासणारे कर्मचारी काही ठिकाणी तत्पर असतात. त्यांचे आपण ऋणी राहावे, कारण तिथून अपमान घेऊन परतलेली एक बाई दहा जणींना घरीच थांबवते.

२०२३ मध्ये जगभरात अंदाजे २,६०,००० स्त्रिया गरोदरपण वा बाळंतपणाशी निगडित कारणांनी दगावल्या; त्यात आपल्या घरची एक सहज खपून जाते. कोणी विचारलेच, तर तिची वेळ भरली होती असे सांगावे. मुलाच्या दुसऱ्या लग्नाची बोलणी करताना मात्र मुलीची प्रकृती चांगल्या डॉक्टरकडून आधीच तपासून घ्यावी.