कुत्रा चावण्यापूर्वी घ्यावयाची काळजी

पुण्यात राहता आणि अजून कुत्रा चावला नाही? मग कागदपत्रांच्या बाबतीत तुम्ही फारच मागे आहात. आत्तापासून फाइल करायला घ्या. परवा माझ्या पोटरीत चार दात रुतले आणि भरपाईचा अर्ज घेऊन महापालिकेत फिरताना माझं जे शिक्षण झालं, ते इथे फुकट वाटतो आहे.

सर्वांत आधी, चावून कुठल्या राज्यात घ्यायचं ते ठरवा. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2023 मध्ये चक्क दरपत्रक काढलं: दाताच्या दर खुणेला किमान 10 हजार रुपये, मांस निघालं असेल तर जखमेच्या दर 0.2 सेंटिमीटरला किमान 20 हजार. वर अर्जाचा निकाल चार महिन्यांत. माझ्या पोटरीचे तिकडे चाळीस हजार झाले असते. झेलम एक्स्प्रेस पुण्याहूनच सुटते, अंबाल्याला थांबते. फूटपट्टी घरूनच न्या.

एवढा प्रवास झेपत नसेल तर आपल्याच जिल्ह्यात जुन्नर आहे. बिबट्याच्या हल्ल्यात माणूस गेला तर वारसांना 25 लाख, जखमींसाठी वेगळे दर, सगळं शासन निर्णयात लिहिलेलं. (जुन्नर-शिरूरकडच्या लोकांनी काय भोगलंय ते ठाऊक आहे, त्यांना मिळतं ते कमीच आहे. पण जनावर जंगलातून आलं की सरकारला ते आपलं वाटतं, कचराकुंडीमागून आलं की वाटत नाही, हे काय गौडबंगाल आहे?)

बिबट्याही नको? मग कुत्रा मागे लागल्याबरोबर खड्डा गाठा. शोधावा लागणार नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये सांगितलंय की खड्ड्यामुळे जीव गेला तर 6 लाख, जखमी झालात तर 50 हजार ते अडीच लाख. फक्त दात लागायच्या आत पडायचं, तेवढं टायमिंग साधा.

चावणाऱ्याला मालक असेल तर उत्तमच. भारतीय न्याय संहितेचं कलम 291 लागू होतं, 5 हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. तो सरकारजमा होतो. तुम्ही समाधान माना.

जखम मात्र लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी इंजेक्शन घ्या. हळद नको, तिखट नको, "बघू उद्या" तर अजिबात नको. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की डॉक्टरांच्या हातात काही उरत नाही. जखम खोल असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन नावाचं दुसरं इंजेक्शन जखमेतच टोचावं लागतं. ते शिल्लक नसेल तर "बाहेरून आणा" अशी चिठ्ठी हातात पडते. ती चिठ्ठी, केसपेपर, मेडिकलचं बिल, सगळं जपून ठेवा, कारण आता खरी मजा आहे.

अर्ज. कोऱ्या कागदावर लिहून नेलात तर फॉर्म मागतील आणि फॉर्म मागितलात तर असा फॉर्मच नसतो. खिडकीवरच्या भाऊसाहेबांनी माझा कागद दोन बोटांत धरला आणि विचारलं, "काका, कुत्रा भटका होता कशावरून?" म्हटलं, पट्टा नव्हता. "पट्टा निसटला असेल." मालक कोणी पुढे आला नाही. "चावल्यावर कोण येईल?" पुढचा प्रश्न, कानाला खाच होती का? तर मंडळी, चावत असताना कान बघायचा. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच असते. मी विचारलं, असली तर काय? तर म्हणे मग आपलं काम झालेलं आहे, नियमाप्रमाणे त्याला पकडला तिथेच परत सोडावं लागतं. आणि नसली तर? तर तो बाहेरून आलेला, या हद्दीतलाच नाही. खाच असली तरी जबाबदारी नाही, नसली तरी नाही! मग सोसायटीचं पत्र आणा. सोसायटी म्हणते घटना गेटबाहेरची. गेटच्या आत चावला असता तर खिडकी म्हणाली असती, खाजगी जागा. सीसीटीव्ही आहे, तो चेअरमनसाहेबांच्या गाडीकडे तोंड करून आहे. साक्षीदार आहेत, त्यातले एक म्हणाले, "तुम्हीच शेपटीवर पाय दिला असेल." जानेवारी 2026 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बोलून दाखवलं की लहान मुलं-म्हातारी माणसं यांना कुत्रा चावला तर राज्यांना मोठी भरपाई द्यायला लावू. हेही सांगून पाहिलं. उत्तर आलं, "ऑर्डरची कॉपी लावा." आणि आवक क्रमांक? तो साहेब आल्यावर. साहेब मीटिंगला.

कुत्र्यांना रोज पोळी घालणाऱ्यांशी वाद घालू नका. त्यांचं प्रेम खरं असतं, फक्त ते दुसऱ्यांच्या दारात उतू जातं.

कुत्र्यावर तर राग धरूच नका, त्याला निदान तोंड कुणापुढे उघडायचं ते कळतं.

आणि चाळीस हजारांसाठी मी हे लिहितोय असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी खुशाल वाटून घ्यावं. ज्याचा हात मोडतो तो रिक्षावाला, जिची धुण्याभांड्यांची कामं बुडतात ती मावशी, ज्याच्या चेहऱ्यावर टाके पडतात तो चार वर्षांचा पोरगा, यांचं नुकसान आज कुणाच्याच हिशेबात येत नाही. चाव्याला पैसे मोजावे लागले तर कुणीतरी वरून विचारील, या वॉर्डात एवढे अर्ज का आले, नसबंदीचं बिल निघालं ते कुठल्या कुत्र्यांचं? आज कुणी विचारत नाही, कारण सगळा खर्च चावलेल्याच्या खिशातून जातो. अहो, नाव, पत्ता, जखम, दवाखाना, बँक खातं, एवढा एक पानी फॉर्म छापायला काय लागतं? कर थकला की नोटीस बिनचूक दारात येते, तेव्हा हद्द कुणाची हे विचारावं लागत नाही तुम्हाला. तेव्हा आम्ही या शहराचे असतो. रक्त गळत आलं की लगेच पुरावा आणा, कॉपी आणा, उद्या या? लाज वाटू द्या जरा. आणि तुम्ही, सोसायटीच्या ग्रुपवर हात जोडल्याच्या खुणा टाकून झोपी जाणारे, साक्षीला या म्हटलं की तुमची दारं का बंद होतात?