'आकलन कमी' हा शेरा मला मान्य नाही

परवा आमच्या शाळेत तपासणी झाली. चौथीतल्या एका पोरीला साहेबांनी उभं केलं आणि भराभर दोन प्रश्न विचारले. बाहेर धो धो पाऊस, वर टिनाचं छप्पर. पोरगी गप्प राहिली. वहीत शेरा पडला, 'आकलन कमी'. साहेब गेल्यावर ती माझ्याजवळ आली. "मॅडम, ते लय भरभर बोलून रायले होते. मले अर्धंच समजलं."

ही पोरगी घरी गोंडी बोलते, गावात वऱ्हाडी. पुस्तकातली मराठी तिची तिसरी भाषा. केळापूर तालुक्यात माझ्या वर्गात अशी निम्मी लेकरं आहेत. तो शेरा डोक्यातून जात नाही, म्हणून लिहिते आहे.

समोरचा बोलत असताना आपण शब्द संपायची वाट पाहत नाही. 'पा' कानावर पडला की पाणी, पान, पाटी, पाऊस सगळे एकदम मनात उभे राहतात आणि पुढचा आवाज येईल तसे एकेक गळून जातात. हे सगळं सेकंदाच्या आत होतं, आपल्याला कळतही नाही. पण ज्याला दोन भाषा येतात त्याच्या मनात दोन्हींतले शब्द उठतात. एक भाषा बाजूला ठेवून दुसरी ऐकू म्हटलं तरी तसं होत नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात मायकेल स्पायव्ही आणि विऑरिका मारियन यांनी हे नजरेवरून दाखवलं. त्यांचा प्रयोग १९९९ मध्ये छापून आला. रशियन आणि इंग्रजी दोन्ही येणाऱ्या लोकांपुढे वस्तू मांडल्या आणि रशियनमध्ये पोस्टाचं तिकीट हलवायला सांगितलं. तिकिटाला रशियनमध्ये 'मार्का' म्हणतात. ऐकणाऱ्यांची नजर मधेच समोरच्या मार्करकडे जात होती. बोलणं सगळं रशियनमध्ये चाललेलं, तरीही इंग्रजी शब्द जागा झालाच.

हे वाचलं तेव्हा मला पहिलीतला एक पोरगा आठवला. मी "पेन घे" म्हटलं की तो क्षणभर थांबायचा, माझ्या तोंडाकडे बघायचा, मग पेन उचलायचा. मला वाटायचं, लक्ष नाही याचं. मग एक दिवस त्याच्या आजीने सांगितलं, "आमच्यात पेन म्हणजे देव." सहा वर्षं मी गोंड लेकरांना शिकवत होते आणि मला हे माहीत नव्हतं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

आवाजांचंही तसंच. लहानपणी कानाला जे भेद ऐकायची सवय लागते, तेवढेच पुढे सहज ऐकू येतात. इंग्रजीतले 'बनियन' आणि 'पश्चिम' हे दोन शब्द आपण दोन्ही 'वेस्ट' असेच ऐकतो, कारण त्यांचे दोन वेगळे 'व' मराठीत नाहीत. आणि आमच्या वऱ्हाडीत 'ळ' चा 'य' होतो. आजी मला "बाया" अशी हाक मारायची. पुण्याच्या माणसाला वाटेल ती बायकांना बोलावते आहे. त्यात गोंगाट असला की दुसरी भाषा आधी निसटते. घरची भाषा अर्धी ऐकू आली तरी उरलेलं मन भरून काढतं. नवख्या भाषेत भर घालायला तेवढा साठाच नसतो. टिनावर पाऊस पडत असताना त्या पोरीकडून काय अपेक्षा करायची?

राज्यघटनेत १९५६ सालीच कलम ३५०-अ आलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या लेकरांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असं ते सांगतं. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे २९ लाखांहून जास्त होते. गोंडीतली पुस्तकं माझ्या वर्गात येतील तेव्हा येतील, तोवर तोंडी परीक्षा तरी नीट घ्या. पाऊस थांबू द्या. लेकराला तोंड दिसेल असं समोर बसा, सावकाश विचारा, एकदा परत विचारा, आणि उत्तर यायला चार क्षण द्या. 'आकलन कमी' लिहायची घाई करू नका.

यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली, मेळघाटातल्या शिक्षकांनो, आणि घरी गोंडी, कोलामी, कोरकू बोलणाऱ्या सगळ्यांनो, एक मदत करा. कानाला मराठीसारखे वाटणारे पण अर्थाने वेगळे असलेले तुमचे शब्द खाली लिहा. मी त्यासाठी वेगळी वही केली आहे. पहिल्या पानावर सध्या एकच शब्द आहे, पेन.